व्यसन : नाही

हॉस्पिटलच्या केसपेपरवर 'व्यसन' असा एक रकाना असतो. मी स्ट्रेचरवर आडवी, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि टेबलामागचा पोरगा माझ्या लेकाला भराभर विचारत होता. वय? ५२. शुगर? नाही. बीपी? नाही. आधी कसलं ऑपरेशन? नाही. व्यसन? सागर म्हणाला, "छे ओ, आई आहे माझी." पोरानं लिहिलं : नाही.

सागर खोटं बोलला नव्हता. पहाटे चहाच्या आधी, दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री भांडी आवरली की आई डबी उघडून मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावत बसते, हे तो पाळण्यात असल्यापासून बघतोय. पण मिश्रीला आमच्याकडं कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसन बाप्यांना असतं. बीपी-शुगर 'नाही' म्हणणंही तसं चुकीचं नव्हतं, कारण धाकटीच्या बाळंतपणानंतर, म्हणजे १९९९ नंतर, माझं बीपी कुणी मोजलंच नव्हतं.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमचं जुनं दोन मजली घर आहे. खालच्या खोलीत मी आणि जाऊबाई मिळून कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो, गेली १४ वर्षं. पुण्या-मुंबईला जाणारे पाहुणे सोलापुरी चादरीबरोबर आमची पाकिटं नेतात. जानेवारी म्हणजे आमची सुगी. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, संक्रांत, हुरड्याला आलेली मंडळी, सगळं एकदम अंगावर येतं. २०२५ च्या जानेवारीतही आलं.

तसं शरीर दिवाळीपासूनच सांगत होतं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. काही दिवसांआड येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या बायकांचं दुसरं काही होत नाही. मोटर लावून टाकी भरली तरी पिण्याचं पाणी मी हातानंच वर नेते. पूर्वी दोन कळश्या घेऊन एका दमात जिना चढायची. दिवाळीनंतर वळणावर थांबायला लागले. आधी एकदा, मग दोनदा. जाऊबाई म्हणल्या, "पाळी गेली की असंच होतंय." माझी पाळी ४४ व्या वर्षीच गेली होती, म्हणजे हे 'असंच' आठ वर्षं चालू असायला हवं होतं, पण तेवढा हिशोब कोण करतंय. पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध, जड वाटायचं. यांच्याकडून बाम चोळून घ्यायची. खालच्या जबड्यात ठणका लागायचा, तो पाणी भरताना लागायचा आणि बसलं की जायचा. दाढ किडली असेल म्हणून मी लवंग धरून ठेवायची. किडलेली दाढ माणूस बसल्यावर दुखायची थांबत नाही, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

भोगीच्या दिवशी पहाटे चारला उठले. घरची बाजरीची भाकरी, भज्जी, तिळाची चटणी, आणि वर ३०० कडक भाकरीची ऑर्डर. आधणाचं पाणी परातीत ओतलं, ज्वारीचं पीठ मळायला घेतलं आणि छातीत काहीतरी झालं. कळ आली असं मी म्हणणार नाही, कळ नव्हतीच. अंगातलं पोलकं एकदम दोन नंबरानं लहान झाल्यासारखं झालं. हूक सैल करून बघितले, तरी तसंच. कपाळावर, मानेवर गार घाम. जानेवारीची पहाट होती, पण समोर चूल होती, म्हणून घामाचं कारण चुलीवर गेलं. मग मळमळ. मी ओवा चावला, इनो घेतला, दोन ढेकरा आल्या आणि सगळ्यांना जाहीर केलं : पित्त.

दुपारी आमच्या नेहमीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांना मी आत शिरता शिरताच म्हणलं, "पित्त झालंय, इंजेक्शन द्या, घरी ऑर्डर पडलीय." त्यांनी पोट दाबून बघितलं, पित्ताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि जागरण कमी करा म्हणले. त्यांना दोष देताना मला जरा थांबावं लागतं, कारण रोगाचं नाव मीच सांगितलं होतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही. २०१६ साली आमचे भाऊजी, म्हणजे माझे दीर, याच दवाखान्यात याच खुर्चीवर बसून म्हणाले होते, "डॉक्टर, गॅस धरलाय." त्यांचा शर्ट काढून पाच मिनिटांत ईसीजी निघाला होता आणि अर्ध्या तासात ते मोठ्या हॉस्पिटलात होते. ते मशीन माझ्या वेळीही तिथंच होतं. त्याच्यावर कापड टाकलेलं होतं.

तो दिवस आणि पुढचा दिवस मी पित्ताच्या गोळीवर काढला. संक्रांतीला सुगडं पुजली, पाच घरी वाण दिलं, शेंगापोळ्या लाटल्या. दर तासाला कुठंतरी टेकायची. रात्री उताणं झोपलं की दम लागायचा, म्हणून दोन उशा घेतल्या.

तिसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, पाणी आलं. कळशी घेऊन जिन्याच्या वळणावर बसले ती उठलेच नाही. शेजारची अक्का दारात विड्या वळत बसली होती. अक्का पद्मशाली, ४० वर्षं विड्या वळतीय, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिनं माझं तोंड बघितलं आणि मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. मी म्हणलं, "काही नाही अक्का, पित्त." ती म्हणाली, "पित्तानं ओठ असं निळं होत नाही, वैनी." घाबरली की अक्का तेलुगूवर येते. "पदा, पदा" करत तिनं मला रिक्षात घातलं. सासूबाई मागून ओरडत होत्या, करीच्या दिवशी दवाखान्याची पायरी चढू नये. अक्कानं ऐकलं नाही, आणि मलाही पहिल्यांदाच वाद घालायचं त्राण नव्हतं.

खरं तर १०८ ला फोन करायला हवा होता. त्या गाडीत ऑक्सिजन असतो, डॉक्टर असतो, आणि वाटेत काही झालं तर हात लावणारं कुणी असतं. रिक्षात फक्त अक्का होती. गड्ड्याच्या गर्दीमुळं मधले रस्ते बंद, लांबून हलगीचा आवाज येतोय, आणि रिक्षावाला बोळाबोळांतून गाडी काढतोय. अक्कानं तिच्या सुनेच्या ओळखीच्या एका लेडी डॉक्टरांकडं नेलं. त्या फिजिशियन. रांगेत ११ जण होते. अक्का दारातूनच ओरडली आणि त्या स्वतः बाहेर आल्या. त्यांनी काय होतंय असं विचारलं नाही, "काय करताना होतंय?" असं विचारलं. हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. जिना चढताना, पाणी नेताना, पीठ मळताना. बसलं की? कमी. ईसीजी तिथंच निघाला. छाती, पाठ, जबडा, पोटाचा वरचा भाग, यातलं काहीही पन्नाशीच्या माणसाला होत असेल, तर आल्यापासून १० मिनिटांत ही पट्टी निघाली पाहिजे, असं त्या हाताखालच्या मुलीला सांगत होत्या. पट्टीवरच्या काही लाटा उलट्या पडल्या होत्या. ॲस्पिरिनची गोळी मला चावून खायला लावली, गिळायची नाही, चावायची, म्हणजे लवकर लागू पडते. बरोबर आणखी चार-पाच गोळ्या. मग त्यांनीच ॲम्ब्युलन्स बोलावली.

त्या हॉस्पिटलात तो केसपेपर भरला गेला.

रक्तात ट्रोपोनिन नावाचं एक प्रथिन बघतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. माझं वाढलेलं होतं, काही तासांनी पुन्हा केलं तेव्हा आणखी वाढलेलं. म्हणजे हा हार्ट अटॅकच, पण रक्तवाहिनी पूर्ण बंद न होता अरुंद होऊन आलेला. पूर्ण बंद असती तर त्याच क्षणी आत घेतलं असतं. माझ्या बाबतीत रात्रभर पोटात रक्त पातळ करायच्या सुया देऊन सकाळी अँजिओग्राफी ठरली. एक डॉक्टर सागरला सांगत होते की पहिला ईसीजी अगदी सरळ आला तरी निर्धास्त होऊ नये, पुन्हा काढावा, रक्त पुन्हा तपासावं. नुसत्या एका पट्टीवर 'काही नाही' म्हणून घरी पाठवलेल्या बायका दोन दिवसांनी परत आलेल्या त्यांनी बघितल्या होत्या.

रात्री सागर आणि हे आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलापुढं उभे होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद वाहिनी फुग्यानं उघडणं, बसते, आणि आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं, कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. भाऊजींच्या वेळी आमचं पांढरं कार्ड योजनेत नव्हतं. तेव्हा स्टेंटचे, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीचे, भावही बांधलेले नव्हते, एकट्या स्टेंटचेच लाखावर गेले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत ३० हजारांच्या आत आणली, त्यानंतर लोकांना जरा श्वास घेता आला. माझी अडचण निराळीच निघाली. रेशनकार्डावर मी गिरिजा, सासरचं नाव. आधारवर महादेवी, माहेरचं. लग्नात नाव बदलायची हौस कुणाला होती आठवत नाही, पण ३१ वर्षांनी ती आयसीयूच्या दारात आडवी आली. तातडीच्या वेळी आधी फोनवर मंजुरी घेता येते आणि कागद मागून देता येतात, म्हणून उपचार थांबले नाहीत. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र यांनी दुसऱ्या दिवशी आणून दिलं. बायांनो, हे काम आजच करून ठेवा, छातीत काही होत नसताना.

अँजिओग्राफीची मला भीती होती ती कापाकापीची. तसं काही नसतं. उजव्या मनगटात भूल देऊन बारीक नळी घातली, तीच हृदयापर्यंत गेली. मी पूर्ण जागी होते. खोली मात्र इतकी गार की दात वाजायला लागले. स्क्रीनवर माझ्याच रक्तवाहिन्या दिसल्या, चिंचेच्या बारक्या फांद्यांसारख्या, आणि समोरच्या मोठ्या फांदीत एका जागी वाहिनी सुतासारखी झालेली. ९० टक्के, डॉक्टर म्हणाले. दुसरीत ५०, ती औषधांवर सोडून देऊ. तिथंच फुगा फुगवून स्टेंट बसवला तेव्हा तेच पोलकं पुन्हा आवळलं, अर्धा मिनिटभर, आणि सुटलं. ते सुटलं तेव्हा कळलं की दिवाळीपासून मी किती आवळलेली होते.

आता मिश्रीचं. अँजिओप्लास्टी झाली त्या दुपारपासून माझं डोकं फुटायला लागलं. हात कापतायत, कुणावरही चिडतेय, सलाइनची नळी ओढून टाकावीशी वाटतेय. यांना मी आयसीयूतच काहीतरी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरांनी शुगर बघितली, बीपी बघितलं, मनगट बघितलं. कारण सापडलं ते सिस्टरला. बार्शीकडची पोरगी, पंचविशीची. रात्री पाणी पाजताना हळूच म्हणाली, "मावशी, मिश्री लावता ना? दात सांगतायत. माझी आजी पण लावायची." मला इतकी लाज वाटली की मी तोंडावर पदर घेतला. तिनं मुकाट्यानं जाऊन पेपरवरचं 'नाही' खोडलं.

सकाळी राउंडला मोठे डॉक्टर आले, त्यांच्या हातात तो खोडलेला पेपर. रागावले नाहीत. म्हणाले, तंबाखू ओढा, चघळा नाहीतर भाजून दातांना लावा, निकोटीन रक्तात जातंच, नाडी वाढवतं, बीपी वाढवतं, वाहिन्या आकसतात. मग त्यांनी विचारलं, "तुमची बाळंतपणं कशी झाली?" मला वाटलं हे चुकीची फाइल घेऊन आले. हृदयाचा डॉक्टर बाळंतपण कशाला विचारेल?

सागर आठव्या महिन्यात झाला. १९९६. पायांना सूज होती, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, बीपी १७० च्या वर गेलं होतं, आणि झटके येतील म्हणून घाईघाईनं मोकळी केली होती. सव्वा महिन्यात बीपी उतरलं. सगळे म्हणले सुटली एकदाची, आणि विषय संपला. डॉक्टर म्हणाले विषय तिथं सुरू झाला होता. गरोदरपणात ज्या बाईचं बीपी असं चढतं तिला पुढं आयुष्यात हृदयविकाराचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. गरोदरपणात शुगर लागली असेल, पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, सांधे सुजवणारा आमवात असेल, तर तोही धोका वाढवतो. पाळी असेपर्यंत अंगातलं इस्ट्रोजेन वाहिन्यांना थोडंफार सांभाळतं, म्हणून बायकांना हा रोग पुरुषांपेक्षा काही वर्षं उशिरा गाठतो. माझी ती राखण आठ वर्षांपूर्वीच उठली होती. आणि मधुमेह जडला की बाईचं पुरुषाहून जास्त नुकसान होतं. माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर ७.८ आली, म्हणजे तोही मुक्कामाला आलेला होता, फक्त ओळख झाली नव्हती.

सागर पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. आपल्या जन्माची ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. तो काही बोलला नाही, बाहेर जाऊन बराच वेळ आला नाही.

माझ्या शेजारच्या पलंगावर अक्कलकोटकडची एक बाई होती, ४६ वर्षांची. तिची कहाणी मला माझ्याहून वाईट वाटते. तिची अँजिओग्राफी आधी दुसरीकडं झाली होती, मोठ्या वाहिन्या साफ निघाल्या, तर घरच्यांनी 'टेन्शन घेते, नाटक करते' असं ठरवून टाकलं. चालताना छाती दुखायची ती दुखतच राहिली. इथं तिला कळलं की हृदयाच्या अगदी बारक्या, केसासारख्या वाहिन्या नीट पसरल्या नाहीत तरी असं होतं, त्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत, आणि हा प्रकार बायकांतच जास्त सापडतो. त्याला औषधं आहेत. ती मला म्हणाली, "दुखणं खरं निघालं म्हणून बरं वाटलालंय बघा." स्वतःच्या दुखण्याचा पुरावा मिळाला म्हणून हसणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

पाचव्या दिवशी घरी आले. हृदयाचा जोर ४५ टक्के राहिला होता. चांगल्या माणसाचा ५५ च्या वर असतो. पिशवीभर गोळ्या. त्यातल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या वर्षभर एक दिवसही चुकवायच्या नाहीत, चुकल्या तर स्टेंटच गोठून बंद पडू शकतो, हे सिस्टरनं माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. कोलेस्टेरॉलची गोळी रात्री. बीपीच्या गोळीनं पंधरा दिवसांत कोरडा खोकला धरला, घरातले म्हणायला लागले छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, खोकला गेला. असं काही झालं की आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, विचारायचं, एवढं शिकले. हातापायांवर निळे डाग पडतात ते रक्त पातळ झाल्यानं. जाऊबाईंनी कुठूनतरी ऐकून आणलं की पाळी परत आणायच्या हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की हृदय चांगलं राहतं. विचारलं, तर डॉक्टर स्पष्ट म्हणाले, हृदयासाठी म्हणून त्या घ्यायच्या नाहीत, अटॅक येऊन गेलेल्या बाईनं तर नाहीच.

भाऊजी २०१६ ला घरी आले तेव्हा महिनाभर माजघरातला पलंग त्यांचा होता. कमी मिठाची भाजी वेगळ्या पातेल्यात मी करायची, दूध वर नेऊन द्यायची, टीव्हीचा आवाज बारीक ठेवायचा. मी घरी आले त्याच्या आठव्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "आज भाकरी थापशील का बसल्या बसल्या?" वाईट हेतूनं नव्हे. त्यांच्या डोक्यात अटॅक हा बाप्याचा आजार, आणि मी पोटाचं काहीतरी करून आले होते. मी उठणारच होते, तेवढ्यात भाऊजी स्वतः उठले, परात ओढली आणि म्हणाले, "वैनीनं महिना थापली माझ्यासाठी, मी आठ दिवस थापतो." त्यांच्या भाकऱ्यांचे नकाशे झाले. गिऱ्हाइकांना ते विकता येईनात, घरीच खाल्ले.

आहाराचा तक्ता मिळाला होता त्यात ओट्स, ब्रोकोली आणि ऑलिव्ह तेल होतं. भवानी पेठेत! मी तो कागद घेऊन पुढच्या तपासणीला गेले आणि आहाराच्या मॅडमना म्हणलं, मला माझ्या भाषेत लिहून द्या. त्या हसल्या आणि दुसऱ्या कागदावर लिहायला लागल्या : ज्वारीची भाकरी, मटकी, मेथी, अंबाडी, ताक बिनमिठाचं. शेंगा बंद कराव्या लागतील म्हणून मी धसका घेतला होता, कारण शेंगा म्हणजे आमचं पोट. त्या म्हणाल्या मूठभर शेंगा चालतील, पण तुमच्या चटणीतलं मीठ चालणार नाही. दिवसभराचं सगळं मिळून मीठ एका चहाच्या चमच्याएवढं. चटणी, लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ धरून मी तीन चमच्यांच्या घरात होते. चटणी कांडताना दर घाण्याला चव बघायची ती वेगळीच. आता चव जाऊबाई बघतात. कमी मिठाची चटणी करून बघितली, लसूण आणि जिरं वाढवून. चार गिऱ्हाइकांनी नावं ठेवली, दोघांनी मुद्दाम मागून नेली.

महाशिवरात्रीला मी उपास धरला नाही. ३० वर्षांत पहिल्यांदा. शुगरच्या गोळीवर उपाशी राहणं धोक्याचं, आणि साबुदाणा शुगर चढवतो. सासूबाई काही वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या वाटचा मी धरते." ७८ वर्षांची बाई. मला भरून आलं, आणि लगेच मनात आलं, यांची शुगर कधी कुणी तपासलीय? तपासली. वाढलेली निघाली.

चालायला सांगितलं होतं, आधी १० मिनिटं, मग वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत. सपाता घालून चालले तर पोटऱ्या दुखायच्या. ५२ व्या वर्षी आयुष्यातले पहिले बूट घेतले, साडीवर. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला पहाटे जाते. पहिल्या आठवड्यात ओळखीच्या बायका बुटांकडं बघून हसल्या, एकीनं तिसऱ्या आठवड्यात किंमत विचारली. जिन्याचे दोन मजले धाप न लागता चढता आले की नवरा-बायकोचं राहायलाही हरकत नसते, हे मला त्या बार्शीच्या सिस्टरनं सांगितलं, कानात. भाऊजींना ते डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं होतं म्हणे. मी बाई, मी विचारणार नाही हे गृहीत, आणि मी खरंच विचारलं नसतं.

मिश्री सुटली असं छातीठोक सांगता येत नाही. हॉस्पिटलातले पाच दिवस सुटली, कारण डबी नव्हती. घरी आल्यावर पहिल्याच पहाटे हात फळीकडं गेला. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही ही माझी ३० वर्षांची समजूत. ती मोडायला कोमट पाणी, पेरू आणि तीन आठवडे लागले. तंबाखूच्या पुड्यांवर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, फुकट आहे, मी तिथं फोन केला. पलीकडच्या बाईनं विचारलं की पहिली चिमूट उठल्यावर किती मिनिटांत घेता. मी म्हणलं, उठायच्या आधी. ती हसली नाही. तिनं तारीख ठरवून घेतली आणि ठरल्या दिवशी फोन केला. मार्चमध्ये एका लग्नात बायकांच्या घोळक्यात डबी फिरली आणि मी लावली. एप्रिलच्या उन्हात पुन्हा एकदा. त्यानंतर नाही. सागर रोज विचारतो, "आज?" मी म्हणते, नाही. अजून 'आजचं' असंच सांगते.

घरी बीपीचं मशीन आणलं, दंडाला पट्टा बांधायचं. ते घरात राहिलंच नाही, गल्लीत फिरलं. जाऊबाई १५०, त्यांना गोळी सुरू झाली. समोरची सून, पहिलटकरीण, सातवा महिना, १४०, तिला त्याच दिवशी तिच्या डॉक्टरकडं पाठवलं आणि कागदावर आकडा आणि तारीख लिहून दिली, हा कागद फेकायचा नाही, ५० वर्षांची होशील तेव्हा लागेल म्हणून. अक्का मात्र हाताला पट्टा बांधू देईना. तिचा हिशोब सरळ : दिवसाला हजार विड्या वळल्या तर मजुरी, दवाखान्यात दिवस गेला तर नाही. दिवसभर मांडी घालून बसायचं, तंबाखूची धूळ नाकातोंडात, वर तोंडात मिश्री. शेवटी मी तिच्या शेजारी सुपाला सूप लावून बसले आणि म्हणलं, तू मला रिक्षात घातलंस तेव्हा मी वाद घातला का? तिनं हात पुढं केला. १७६ आणि १०२. परत घेतलं, तेवढंच.

"काय करताना होतंय?" मी विचारलं.

बराच वेळ ती कात्रीनं पान कातरत राहिली. मग म्हणाली, कारखान्यात माल द्यायला जाताना, पुलाच्या चढाला. बसलं की जातंय.

त्याच लेडी डॉक्टरांकडं शुक्रवारी सकाळी तिचा ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठरलाय. तिच्या सुनेला मी आजच सांगून ठेवलं, शुक्रवारच्या हजारातल्या पाचशे तू वळ, आणि पानं गुरुवारी रात्रीच भिजत घाल. राहिलेल्या पाचशे मी वळीन म्हणले. मला वळता येत नाहीत, हे अक्काला माहीत आहे.